चंद्रावरच्या घराचा हिशोब मुलांना करू द्या

विद्यार्थ्यांच्या एखाद्या टीमने चंद्रावर राहण्यासाठी घर डिझाइन केलं, नाहीतर तिथे चालणारी गाडी बनवली, अशी बातमी आली की लगेच दोन गट पडतात. एक म्हणतो, अरे इथे लोकांच्या डोक्यावर धड छप्पर नाही, प्यायला पाणी नाही, आणि ही मुलं निघाली चंद्रावर घरं बांधायला. दुसरा म्हणतो, हीच उद्याची पिढी, यांच्यातलंच कुणीतरी उद्या चंद्रावर पाय ठेवणार, आपल्याला अभिमान वाटला पाहिजे. मग दोन्ही गट आपापल्या जागेवरून तेच तेच बोलत राहतात. मला खटकतं ते हे की दोघांची कसोटी एकच आहे, ते घर खरंच बांधलं जाणार का. एकाला वाटतं नाही, म्हणून तो वेळेचा अपव्यय म्हणतो, दुसऱ्याला वाटतं हो, म्हणून तो टाळ्या वाजवतो. मुलांनी केलेलं डिझाइन उघडून बघायला मात्र कुणीच जात नाही. भिंत किती जाडीची धरली, गाडीचं वजन किती आलं, रात्री वीज कुठून आणणार, हे विचारल्याशिवाय त्या कामाची लायकी ठरणार तरी कशी?

माझं मत आधीच सांगून टाकतो. शाळा-कॉलेजातल्या मुलांनी चंद्रावरची घरं आणि गाड्या जरूर डिझाइन कराव्यात, आणि यातलं एकही डिझाइन चंद्रावर गेलं नाही तरी कराव्यात. कारण चंद्र ही अशी जागा आहे जिथे काहीच फुकट मिळत नाही. हवा नाही, पाणी नाही, सावलीत आणि उन्हात शेकडो अंशांचा फरक, आणि काही मोडलं तर आणायला दुकान नाही. जे जे आपण गृहीत धरून चालतो ते सगळं तिथे कागदावर मांडावं लागतं, किलोमध्ये, वॅटमध्ये, तासांमध्ये. ही सवय लावणारा विषय मला तरी दुसरा दिसत नाही. पण एक अट आहे, आणि ती मोठी आहे. हे काम हिशोबाने व्हायला हवं. नुसती चकचकीत चित्रं काढून बक्षीस मिळत असेल तर पहिल्या गटाची सगळी टीका मला मान्य आहे.

चित्र आणि हिशोब यातला फरक कळायला काचेचा घुमट घ्या. चंद्रावरच्या वस्तीचं चित्र काढायला सांगितलं की दहातली निदान पाच मुलं मोठा पारदर्शक घुमट काढतात, आत झाडं, वरती निळी पृथ्वी. आता त्याचं गणित करा. आत पृथ्वीसारखा हवेचा दाब ठेवायचा म्हणजे प्रत्येक चौरस मीटरवर साधारण १० टनांचा जोर आतून बाहेर, आणि बाहेर निर्वात, म्हणजे तो जोर तोलायला काहीच नाही. घुमटाचा व्यास फक्त १० मीटर धरला तरी जमिनीचं क्षेत्रफळ ७८ चौरस मीटरच्या वर जातं, म्हणजे सगळा घुमट ८०० टनांच्या जोराने वर उचलला जातोय. पृथ्वीवर इंजिनियर छप्पर खाली पडू नये म्हणून झटतो, इथे छप्पर उडून जाऊ नये म्हणून झटावं लागतं! मग कुणी हुशार मुलगी म्हणते, आपण वर माती टाकू, नाहीतरी किरणोत्सर्गापासून बचावाला ती टाकावीच लागणार आहे. छान. तीन मीटर थर टाकला, चौरस मीटरला पाच टनांच्या आसपास माती झाली, पण चंद्राचं गुरुत्वाकर्षण आपल्या एक षष्ठांश, त्यामुळे ती माती तिथे एक टनसुद्धा भरत नाही. खालून १० टन, वरून पाऊण-एक टन. म्हणजे माती दाब तोलायला पुरत नाही, घराची भिंत स्वतःच ताण सहन करणारी पाहिजे, म्हणजे आकार सिलिंडरचा नाहीतर गोलाचा, म्हणजे फुगवता येणारं कापडी घर हा विचार डोक्यात यायला लागतो, नाहीतर दाबच कमी ठेवून ऑक्सिजनचं प्रमाण वाढवायचं आणि मग आगीचा धोका वाढतो त्याचं काय करायचं. बघा, एका घुमटातून अर्धा तास वर्ग कसा पेटतो. आणि यात कुठलंही गणित शाळेच्या बाहेरचं नाही.

रात्रीचं तर याहून अवघड आहे. चंद्रावरची रात्र आपल्या चौदा दिवसांहून जास्त, साधारण ३५४ तासांची. समजा चार माणसांच्या तळाला हवा, ऊब, दिवे, यंत्रं सगळं मिळून सरासरी १० किलोवॅट लागतात. एका रात्रीला झाले साडेतीन हजार किलोवॅट-अवर. चांगल्या लिथियम बॅटरीत किलोला २०० वॅट-अवर मावतात असं धरलं तर नुसत्या बॅटऱ्यांचं वजन १७ टनांच्या वर जातं. अपोलो १७ मध्ये दोन माणसांना घेऊन उतरलेलं अख्खं चांद्रयान इंधनासकट १६ टनांच्या आसपास होतं. म्हणजे एक रात्र काढायला एका चांद्रयानापेक्षा जड बॅटरी! हे ज्या विद्यार्थ्याने स्वतः गुणून काढलंय त्याला सगळे देश दक्षिण ध्रुवाकडे का बघतात हे वेगळं शिकवावं लागत नाही, तिथे काही उंचवट्यांवर वर्षातला बराच काळ ऊन असतं आणि शेजारच्या कायम अंधाऱ्या विवरांत बर्फ असण्याची चिन्हं आहेत. मग चंद्रयान-३ च्या उपकरणाने २०२३ मध्ये मोजलेलं तापमान त्याला नुसती बातमी वाटत नाही. पृष्ठभागावर पन्नास अंशांच्या आसपास आणि फक्त ८ सेंटीमीटर खाली उणे दहा, म्हणजे ती माती उष्णता अडवणारी किती जबरदस्त गोष्ट आहे, हे त्याच्या घराच्या डिझाइनमध्ये सरळ कामाला येतं.

आता विरोधातले मुद्दे, आणि त्यातले काही खरंच भक्कम आहेत. पहिला नेहमीचा, आधी पृथ्वीवरचे प्रश्न सोडवा. याला लोक जे ठरलेलं उत्तर देतात ते मला पटत नाही, की अंतराळातून अमुक शोध लागला आणि तमुक वस्तू घरात आली. असे शोध सरळ त्या कामावर पैसे घालूनही लागले असते, त्यामुळे तो युक्तिवाद सोडून द्यावा. पण मुद्दा विद्यार्थ्यांचा चाललाय. पंधरा-वीस वर्षांचं पोर चंद्रावरचं घर आखतं तेव्हा ते कुणाचं घर हिरावून घेत नाही, ते शिकत असतं. मग विचारायला हवं की काय शिकतं. चार माणसांना रोज प्रत्येकी साधारण ८४० ग्रॅम ऑक्सिजन लागतो, तो कुठून येणार, श्वासातून निघालेला कार्बन डायऑक्साइड कुठे जाणार, आंघोळीचं आणि लघवीचं पाणी परत प्यायचं कसं करणार. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकात २०२३ मध्ये पाणी परत वापरण्याचं प्रमाण ९८ टक्क्यांपर्यंत नेलं, तिथपर्यंत पोचायला वर्षानुवर्षं लागली. ज्याने हा हिशोब एकदा बंद डब्यात बसवून पाहिलाय तो उद्या गावाच्या पाण्याचा हिशोब करायला बसला तर सांडपाणी कुठे जातं हा प्रश्न विसरेल का? विसरूही शकतो, खात्री कशाचीच नसते. पण ज्याने कधी असा हिशोब केलाच नाही त्याच्यापेक्षा याच्यावर मी जास्त भरवसा ठेवीन.

आणि बंद डब्याचा हिशोब कसा चुकतो याचं उदाहरण तर पृथ्वीवरच आहे. अॅरिझोनात बायोस्फियर २ नावाचं काचेचं बंद जग उभारलं होतं, १९९१ ते १९९३ आठ माणसं त्यात राहिली. आतला ऑक्सिजन हळूहळू एकवीस टक्क्यांवरून चौदाच्या आसपास उतरला, माणसांना जिने चढवेनात, शेवटी बाहेरून ऑक्सिजन सोडावा लागला. कारण काय निघालं? मातीतले जीवाणू ऑक्सिजन खात होते, त्यांनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड झाडांकडे जायच्या आधी काँक्रीट शोषून घेत होतं. काँक्रीट श्वासाच्या हिशोबात धरायचं असतं हे आधी कुणाच्या डोक्यात आलं असतं? चीनमध्ये बेइहांग युनिव्हर्सिटीने बांधलेल्या युएगाँग-१ या बंद प्रयोगशाळेत २०१७-१८ मध्ये विद्यार्थीच आळीपाळीने मिळून ३७० दिवस राहिले, आतच पिकवलं, आतलंच पाणी फिरवून प्यायले. हे मला कुठल्याही थ्रीडी चित्रापेक्षा मोठं वाटतं, कारण तिथे चुकीचं उत्तर लपवता येत नाही.

दुसरा मुद्दा असा की विद्यार्थ्यांची ही डिझाइनं कधीच वापरली जात नाहीत, मग कशाला. नासाची रोव्हरची, म्हणजे चंद्रावर चालणाऱ्या गाडीची, विद्यार्थी स्पर्धा १९९४ पासून अमेरिकेत हंट्सव्हिलला होते, आधी तिचं नाव ग्रेट मूनबगी रेस होतं. त्यात मुलं स्वतः बनवलेली गाडी पेडल मारून खडबडीत ट्रॅकवरून नेतात, गाडी घडी करून पाच फुटी चौकोनात बसवावी लागते, हवा भरलेले टायर चालत नाहीत. टीका करणारे म्हणतात, चंद्रावर कोण पेडल मारणार आहे? बरोबर आहे, कुणीच नाही. पण पाच फुटांत घडी घालण्याची अट कुठून आली हे माहीत असेल तर हसू येणार नाही. अपोलोच्या रोव्हरला चांद्रयानाच्या कुशीतल्या एका कप्प्यात घडी होऊन बसायचं होतं, त्यावरच तो जाणार की नाही हे अडलं होतं. मोठ्या फिरत्या प्रयोगशाळेचे बेत बारगळले होते, आणि जनरल मोटर्समधल्या फेरेन्स पाव्लिच नावाच्या इंजिनियरने घडी होणारी छोटी गाडी सुचवली, एक षष्ठांश आकाराचं रिमोटवर चालणारं मॉडेल बनवून ते थेट नासाचे रॉकेट-तज्ज्ञ फॉन ब्राउन यांच्या ऑफिसात चालवत नेलं. त्या गाडीचं वजन २१० किलो होतं आणि ती स्वतःच्या दुपटीहून जास्त ओझं वाहायची, चाकं पियानोच्या तारेसारख्या पोलादी तारांची विणलेली. १९७१ मध्ये अपोलो १५ ने ती चालवली. आजची मुलं विनाहवेचं चाक बनवताना नेमक्या त्याच प्रश्नाशी झगडतात, मऊ केलं तर बसतं, कडक केलं तर हाडं खिळखिळी होतात.

आणि पेडलचीच चेष्टा करायची असेल तर अमेरिकन इंजिनियर पॉल मॅक्रीडी आठवा. माणसाच्या पायांनी उडणारं विमान हा उद्योग अनेकांना निरुपयोगी वाटायचा, १९७७ मध्ये त्यांच्या गॉसमर काँडोर विमानाने त्यासाठी लावलेलं क्रेमर बक्षीस जिंकलं, आणि प्रवासाला असं विमान आजही कुणी वापरत नाही. पण अतिशय हलकं, अतिशय कमी ताकदीत उडणारं काहीतरी कसं बनवायचं ही विद्या त्यांच्या कंपनीत टिकली, वाढली, आणि २०२१ मध्ये मंगळाच्या विरळ हवेत जे हेलिकॉप्टर उडालं ते बनवण्यात त्याच एरोव्हायरनमेंट कंपनीचा हात होता.

क्यूबसॅटची गोष्ट तर याहून नेमकी आहे. १९९९ मध्ये स्टॅनफर्डचे बॉब ट्विग्ज आणि कॅलिफोर्नियातल्याच कॅल पॉली विद्यापीठाचे जॉर्डी पुइग-सुआरी यांनी १० सेंटीमीटरच्या चौकोनात बसणारा किलोभराचा उपग्रह ठरवला, हेतू एवढाच की पदवी मिळायच्या आत विद्यार्थ्याला एक उपग्रह सुरुवातीपासून शेवटपर्यंत करता यावा. जाणकारांना ते खेळणं वाटलं. कॉलेजांनी बनवलेले पहिले कितीतरी क्यूबसॅट वर गेल्यावर बोललेच नाहीत, बॅटरी गेली, अँटेना उघडली नाही. पण तोच चौकोन पुढे साऱ्या उद्योगाचं माप झाला, २०१८ मध्ये असे दोन क्यूबसॅट मंगळापर्यंत गेले आणि नासाचं इनसाइट यान तिथे उतरत असताना त्याचे संदेश त्यांनी पृथ्वीकडे पाठवले, २०२२ मध्ये कॅपस्टोन नावाचा एक चंद्राच्या कक्षेत गेला. यातून विद्यार्थ्यांचं प्रत्येक डिझाइन एक दिवस वापरात येतं असं अजिबात सिद्ध होत नाही, बहुतेक येत नाहीत. पण शिकण्यासाठी घातलेली कडक मर्यादा कधीकधी मोठ्यांच्या कामाला नवं वळण देते एवढं तर नक्की दिसतं. ती मर्यादा काढून टाकली असती, मुलांना म्हटलं असतं की उपग्रहाचं सुंदर चित्र काढा, तर यातलं काय झालं असतं?

इथेच माझं या स्पर्धांच्या कौतुकवाल्यांशी भांडण आहे. तिसरा आक्षेप आहे खोट्या स्वप्नांचा, आणि तो मला जवळजवळ पूर्ण मान्य आहे. सर्टिफिकेट, मेडल, भावी अंतराळवीर म्हणून फोटो, पालकांना आनंद, शाळेला जाहिरात, आणि मुलाला विचारलं की तुझ्या घरात एअरलॉक, म्हणजे आत-बाहेर करायची दोन दारांची बंद खोली, उघडला की दर वेळी किती हवा वाया जाते तर तो आईकडे बघतो. हे मुलांवर अन्याय करणारं आहे. त्यांना कठीण प्रश्न झेपत नाहीत असं मोठ्यांनीच ठरवून टाकलेलं असतं आणि मग सोप्या चित्रावर मोठं बक्षीस दिलं जातं. मला हे फार लागतं, कारण कठीण प्रश्न दिला की मुलं काय करतात हे दिसलेलं आहे. चंद्रावरची धूळ घ्या. ती काचेच्या चुऱ्यासारखी धारदार, घासून गुळगुळीत करायला तिथे वारा नाही की पाणी नाही, आणि विद्युतभारामुळे चिकटते. अपोलो १७ मध्ये रोव्हरचा मडगार्ड तुटला तर उडणाऱ्या धुळीने इतका त्रास झाला की नकाशाचे कागद टेपने चिकटवून नवा मडगार्ड करावा लागला. रशियाचा लुनोखोद २ हा १९७३ मध्ये ३९ किलोमीटर चालला आणि त्याच्या झाकणावर माती पडून ती उष्णता बाहेर टाकणाऱ्या भागावर गेली, तिथून तो तापून बंद पडला असं मानतात. नासाने २०२१ च्या विद्यार्थी स्पर्धेला हाच धुळीचा प्रश्न दिला. वॉशिंग्टन स्टेट युनिव्हर्सिटीच्या मुलांनी अंतराळ-पोशाखाच्या कापडावर द्रव नायट्रोजनचा फवारा मारून धूळ झटकायची पद्धत काढली, नायट्रोजन गरम कापडाला लागून उकळतो आणि धुळीला उचलून नेतो. पोशाख घातलेल्या बाहुल्या घेऊन त्यांनी निर्वातात टेस्ट केल्या. त्यांनी अख्खं शहर वगैरे काही काढलं नाही, एका पोशाखावरची धूळ कशी काढायची एवढाच प्रश्न घेतला, आणि मोजून दाखवला.

म्हणून प्रश्न लहान द्या आणि टेस्ट सक्तीची करा, असं माझं आयोजकांना आणि शिक्षकांना कळकळीचं सांगणं आहे. सगळी वस्ती कशाला? एक दरवाजा द्या, एक चाक द्या. आणि मार्क कशाला द्यायचे, तर काय तुटलं, का तुटलं, आणि मग काय बदललं, याच्या नोंदींना. पृथ्वीवर अंटार्क्टिकातली घरंसुद्धा अशीच शिकत गेली. ब्रिटनचे हॅली तळ एकामागून एक बर्फाखाली गाडले गेले, दबून मोडले, मग खांबांवर उचललेला तळ आला, आणि सहावा तळ स्की लावलेल्या पायांवर उभा केला, म्हणून २०१७ मध्ये बर्फाला भेग पडत चालली तेव्हा तो ओढून २३ किलोमीटर आत नेता आला. भारताचा तिथला पहिला तळ दक्षिण गंगोत्रीही बर्फानेच गिळला. या चुका ज्यांनी नीट लिहून ठेवल्या त्यांच्यामुळे पुढची घरं उभी राहिली.

चौथा आक्षेप कमी ऐकू येतो पण विचार करण्यासारखा आहे, की आपण मुलांना दुसऱ्याच्या, किंवा कुणाच्याच नसलेल्या जागेवर वसाहत करायला शिकवतोय. १९६७ च्या अंतराळ करारानुसार चंद्रावर कुठल्याही देशाला मालकी सांगता येत नाही, पण तिथलं बर्फ काढून वापरलं तर ते कुणाचं यावर देशांचं एकमत नाही. मला वाटतं हा प्रश्न टाळण्यापेक्षा डिझाइनच्या आतच आणावा. उजेडाचे उंचवटे मोजके आहेत, तुमचा तळ तिथे बसला तर दुसऱ्याच्या सौर पॅनलवर सावली पडते, तुमचं यान उतरताना उडणारी धूळ शेजारच्याच्या यंत्रांवर गोळ्यांसारखी आदळते, तर किती अंतर ठेवाल, आणि शेजाऱ्याला न विचारता ठेवाल का?

शेवटचा आक्षेप पैशाचा, आणि त्यावर माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. धातू कापायला वर्कशॉप, गाडी परदेशात न्यायला भाडं, मुलांची तिकिटं, हे ज्यांना परवडतं तेच पोचतात, आणि मग प्रतिभा असलेली टीम घरीच राहते. कॉम्प्युटरवर करायच्या स्पर्धा, युरोपियन स्पेस एजन्सीच्या मून कॅम्पसारख्या, या दृष्टीने बऱ्या, पण तिथे पुन्हा चित्राचा मोह वाढतो. तरी बरंच काही स्वस्तात तपासता येतं. विनाहवेचं चाक बारीक कोरड्या वाळूत किती रुततं हे बघायला चंद्र लागत नाही. दोन जाड हातमोजे एकावर एक घालून नट-बोल्ट फिरवून बघायला काही खर्च नाही, आणि दाब भरलेल्या हातमोज्यात बोटं वाकवायलाच अर्धी ताकद जाते हे अपोलोच्या माणसांनी अनुभवलेलं आहे. आणि परीक्षक म्हणून दर वेळी मोठ्या पदावरची माणसंच कशाला, ज्याने आयुष्यभर पंप आणि कॉम्प्रेसर दुरुस्त केलेत असा एक मेकॅनिक पॅनलवर बसवा, आधी पृथ्वीवरचे प्रश्न सोडवा म्हणणाऱ्यांपैकीही एकाला बसवा, आणि दोघांना सांगा की मुलांनी केलेल्या हवेच्या यंत्रातला एक व्हॉल्व्ह निवडा, तो बिघडला असं समजा, आणि टीमला तो हातमोजे घालून बदलायला लावा, श्वास पुरेल तेवढ्या वेळात.